तुरुंगात गेलेला माणूस आणि आपले गाव

22 जुलै 2021 हा दिवस चिपळूणची माणसे विसरलेली नाहीत. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. घरे बुडाली. माणसे माळ्यावर, छपरावर अडकून पडली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला माणसे धावून आली. देवळांच्या मंडळांनी चुली मांडल्या. मशिदींच्या जमातींनी चुली मांडल्या. घाटावरून, मुंबईहून गाड्या भरून धान्य आले. त्या वेळी कोणी कोणाला विचारले नाही, "तू पाण्यात अडकलास तो कोणाच्या चुकीने?" आधी माणसाला हात दिला. बाकीचे मागाहून.

आता दुसरी गोष्ट घेऊ. समजा, आपल्या वाडीतला एक मुलगा मुंबईला कामाला आहे. एके दिवशी बातमी येते, त्याला पोलिसांनी धरला. घरी म्हातारी आई, बायको आणि दोन लहान पोरे. त्या रात्री त्यांच्या दारात कोण जाते? बहुधा कोणीच नाही. लोक ओटीवर बसून बोलतात, "काहीतरी केलं असेल. उगाच कोण धरतंय?" दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर बायका त्याच्या आईशी बोलत नाहीत.

पुरात धावून जाणारे आपण, इथे मागे का राहतो? तुरुंग म्हणजे काय, तिथे एवढी माणसे कशी साठली आणि देवधर्म मानणाऱ्या गावाने अशा वेळी काय करावे, हे आज आपण समजून घेऊ.

आत कोण आहेत?

तुरुंगात दोन तऱ्हेचे कैदी असतात. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, शिक्षा लागली, तो पक्का कैदी. ज्याचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही, तो कच्चा कैदी. कच्चा कैदी दोषी ठरलेला नसतो. उद्या तो निर्दोष सुटूही शकतो.

2022 सालच्या अखेरीस भारतातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून 5,73,220 कैदी होते. जागा होती 4,36,266 माणसांची. त्या कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातले सुमारे शहात्तर. हा हिशोब नीट ध्यानात घ्या. नुसत्या कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरली होती.

कच्च्या कैद्यांत दर चार माणसांत सुमारे एक निरक्षर आहे. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचा तुरुंगातला वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या वाट्याहून मोठा आहे. श्रीमंत माणूस आत गेला तर वकील करून लवकर बाहेर येतो. गरीब मागे राहतो. "उगाच कोण धरतंय?" हे म्हणण्याआधी एवढे आपल्याला ठाऊक हवे.

गर्दी किती असते, त्याचा एकच दाखला देतो. 2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात जागा होती सुमारे 800 माणसांची. आत माणसे होती 2,600 च्या वर. आपण घरात एकमेकांपासून दूर बसत होतो. ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळू शकत नव्हते.

तुरुंग वाढले कसे?

पूर्वी आपल्याकडे कैदी किल्ल्यांवर ठेवीत. पण पुष्कळ गुन्ह्यांना दंड, हद्दपारी किंवा देहदंड अशा शिक्षा असत. हजारो माणसे वर्षानुवर्षे कोंडून ठेवायची आणि तीच शिक्षा, ही रीत इंग्रजी अमलात पसरली. पुण्याजवळ येरवड्याचा मोठा तुरुंग 1871 साली बांधला. 1894 साली इंग्रजांनी तुरुंगाचा कायदा केला. देश स्वतंत्र झाल्यावरही तो कायदा पुष्कळ वर्षे चालत राहिला.

1871 सालीच आणखी एक कायदा आला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत, असे त्या कायद्याने ठरवले. मूल पाळण्यात असले तरी गुन्हेगार! पुढे 1911 साली हा कायदा आणखी पसरवला. आपल्या भागात पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींवर तो लादला गेला. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत केली. रोज हजेरी द्यायची. परवानगीचा कागद असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही. खटला नाही, साक्ष नाही, पुरावा नाही. सबंध जमात कुंपणात.

इथे आम्हांला एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. देशात अशा कितीतरी वसाहती धर्मसेवेचे काम करणाऱ्या संस्थांनी चालवायला घेतल्या होत्या. मुक्तिफौज ही त्यांतली मोठी. त्यांनी शाळा काढल्या, धंदे शिकवले. पण किल्ल्या त्यांच्याच हाती होत्या. या माणसांना "सुधारायचे" आहे, असे ते मानीत. ही माणसे मुळात गुन्हेगारच नाहीत, हे म्हणायला फार थोडे पुढे आले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेले, तरी संशय गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडे जाते.

यातून धडा काय घ्यायचा? दया चांगली. पण न्याय सोडून दया केली, तर ती कुंपणाची राखण करू लागते.

स्वातंत्र्याच्या लढ्यातही तुरुंग भरले. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या कोकणात शिरोड्याला लोकांनी कायदा मोडून मीठ उचलले. देशभर साठ हजारांच्या वर माणसे तुरुंगात गेली. त्या वेळी तुरुंगात जाणे हा मान होता. पुढे 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात आपल्याच सरकारने लाखाहून अधिक माणसांना खटल्याशिवाय कोंडले. तेव्हाही चांगल्या घरची माणसे आत होती. म्हणजे तुरुंगात गेला तो वाईटच, असे इतिहास सांगत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत 1970 च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आसपास माणसे तुरुंगांत होती. 2008 साली ती 23 लाखांवर गेली. लहान गुन्ह्यालाही लांब शिक्षा देण्याचे कायदे केले. त्यात काळ्या लोकांची घरेच्या घरे मोडली. भिंती वाढवून गुन्हे संपत नाहीत, हे त्या देशाला फार उशिरा उमगले.

गरीब आत का राहतो?

कायदा सांगतो, धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे. का धरले, ते त्याला सांगितले पाहिजे. त्याच्या माणसाला कळवले पाहिजे. पुष्कळ गुन्ह्यांत जामीनही मिळतो. मग तो बाहेर का येत नाही?

पहिली अडचण जामीनदाराची. जामीनदार म्हणजे "हा तारखेला हजर राहील" अशी हमी देणारा. त्याला ऐपतीचा दाखला लागतो, सातबारा लागतो किंवा पैसे भरावे लागतात. मुलगा मुंबईच्या तुरुंगात. जमिनीचा तुकडा इथे चिपळूण तालुक्यात, तोही पाच भावांच्या नावावर. मुंबईत ओळखीचे कोण? झोपडीतला शेजारी. त्याचा दाखला कोण धरतो?

मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितले. भाऊ पुढे आला. तर म्हणे, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. प्रकरण दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. 1978 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणे बरोबर नाही, असे त्यांनी सांगितले. मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला लावले. जातमुचलका म्हणजे स्वतःच लिहून दिलेली हमी. पुढच्याच साली, 1979 मध्ये, बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक वर्षे काहींनी नुसती वाट पाहण्यात काढली होती.

दुसरी अडचण वकिलाची. तिसरी अडचण अक्षराची. पुढे कागद येतो. त्यावर काय लिहिले आहे ते कळत नाही. अंगठा उठवायला सांगतात, तो उठवतो. तारीख कधी आहे हे घरच्यांना वाचता येत नाही. तारीख चुकते. प्रकरण मागे पडते.

आपले धर्म काय सांगतात?

गोकुळाष्टमीला आपण रात्री बाराला कृष्णजन्म करतो. कृष्ण जन्मला कुठे? मथुरेच्या बंदिशाळेत. वसुदेव-देवकीने काय गुन्हा केला होता? काही नाही. कुराणात युसुफ पैगंबरांची गोष्ट आहे. खोट्या आळामुळे त्यांना बंदिवास घडला. जकात ज्या आठ कामी खर्चावी, त्यांत बंधनातल्या माणसाला सोडवणे हे एक काम सांगितले आहे. बंदिवानाला जो भेटला तो मलाच भेटला, अशी येशूची शिकवण आहे. भगवान बुद्धांनी अंगुलिमालासारख्या खुनी माणसाला जवळ केले आणि त्याचा भिक्खू झाला.

हे नुसते पोथीतले नाही. 1932 साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगत. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. साने गुरुजी कुठले? आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातील पालगडचे. आज घराघरात वाचतात ती गीताप्रवचने अशी तुरुंगाच्या भिंतीआड जन्मली.

इंग्लंडात एलिझाबेथ फ्राय नावाची क्वेकर पंथाची बाई 1813 साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली. आत बायका आणि त्यांची लहान मुले घाणीत पडलेली. तिने पुढे तिथे मुलांसाठी शाळा काढली, बायकांना शिवणकाम दिले. आधी पाहिले, मग काम काढले.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. पूर्वी तो मुलूख औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी तिथे कैद्यांची मोकळी वसाहत वसवली. भिंत नाही, बेडी नाही. कैदी शेती करीत, बायकामुलांसह राहत. विश्वास टाकला की माणूस बहुधा त्याला जागतो, हे तिथे दिसले. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट त्याच प्रयोगावरून सुचला.

मग आपण काय करावे?

देवळाचे मंडळ, मशिदीची जमात, बुद्धविहाराची समिती, ख्रिस्ती मंडळी, वारकऱ्यांची दिंडी. यांच्यापाशी माणसे असतात, विश्वास असतो आणि चार पैसेही असतात. त्यांना करता येतील अशी कामे आम्ही सांगतो.

एक. पहिल्याच दिवशी त्या घरी जा. पोरे जेवली का, ते पाहा. वाचता येणाऱ्या एकाने घरच्यांबरोबर जावे. कोणते पोलीस ठाणे, कोणता गुन्हा, कोणते कलम, पुढची तारीख कोणती, हे वहीत लिहून घ्यावे.

दोन. फुकट वकील मागा. ही भीक नव्हे, हक्क आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. चिपळूणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, रत्नागिरीला जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण आहे. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

तीन. जामीनदार उभे करा. मंडळात पाच-सहा खातेदार असतील, तर त्यांनी आपसांत ठरवावे. माणूस नीट ओळखीचा असेल तर हमी द्यावी, आणि हमी दिली की त्याला तारखेला हजर ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी. जामीनपात्र गुन्ह्यात गरीब माणसाला आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर जातमुचलक्यावर सोडावे असा कायदा आहे. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने, त्या गुन्ह्याला असलेल्या सर्वांत मोठ्या शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावे असे त्यात आहे. एरवी अर्धा हिस्सा. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 2023 पासून केंद्र सरकारची मदतीची योजनाही आहे. या गोष्टी वकिलाला विचारा.

चार. भेटीला जा. चिपळूणहून रत्नागिरीचा तुरुंग नव्वदेक किलोमीटर. मुंबई, ठाणे, तळोजा तर आणखी लांब. म्हातारी आई एकटी कशी जाणार? मंडळाने एस.टी.चे भाडे द्यावे, सोबत एक माणूस द्यावा. तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. तिचे दिवस आधी विचारावे आणि ओळखीचा कागद बरोबर न्यावा. आतल्या माणसाला पत्र लिहा. आपल्याला आता लिहिता येते! भेटीला गेल्यावर उपदेश करू नका, आपला धर्म त्याच्या गळ्यात मारू नका. आधी विचारा, "कसा आहेस? घरी काय सांगू?"

पाच. घर वाळीत टाकू नका. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कोकणात गावकीचा हा रोग जुना आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. ज्याच्या घरचा माणूस तुरुंगात आहे त्याच्या दारावरून पालखी पुढे नेली, तर शिक्षा कोणाला झाली? त्या म्हाताऱ्या आईला आणि त्या पोरांना. त्यांनी काय केले होते? महाराष्ट्रात 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला आहे. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याला तुरुंगातला म्हणून टाळणारा स्वतः तुरुंगात जायचा!

सहा. परत आल्यावर पंगतीत घ्या. सुटून आलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, काम आणि नाव घेऊन मारलेली हाक. काम मिळाले नाही तर त्याला आतलेच सोबती आठवतात. लावणीला, घराच्या कौलांना, होडीवर, कुठे ना कुठे हात लागतातच. त्याला बोलवा. "तुरुंगातून आलेला" हे त्याचे आडनाव होऊ देऊ नका.

ज्याचे नुकसान झाले त्याचे काय?

आमचे वाचक विचारतील, "सगळी दया त्यालाच का? ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा माणूस मेला, त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टाळता येणार नाही.

ज्याने खरोखर दुसऱ्याचे वाईट केले, त्याला जाब द्यावाच लागेल. बाईवर, मुलावर हात टाकणाऱ्याला मंडळाने पाठीशी घालू नये. प्रकरण गावकीत मिटवू नये, साक्षीदारांना दटावू नये. ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरीही मंडळाने तितक्याच लवकर गेले पाहिजे. त्यालाही कोर्टाची पायरी चढायला सोबत लागते. त्याच्याही पोरांना जेवण लागते.

पण एका घराला आधार दिला म्हणजे दुसऱ्याचा काढून घेतला, असे होत नाही. न्याय वेळेवर झाला तर दोघांचेही भले होते. दोषी असेल त्याला शिक्षा लागते, निर्दोष असेल तो घरी येतो. खटला पाच-सात वर्षे पडून राहिला, तर नुकसान झालेल्यालाही न्याय मिळत नाही. सत्य सांगावे आणि माणूस सोडू नये. दोन्ही एकाच वेळी करता येते.

शेवटी एक सांगतो. या धड्यातली अक्षरे आपण वाचलीत, म्हणजे मोठी गोष्ट झाली. तुरुंगात दर चौथ्या कच्च्या कैद्याला ती वाचता येत नाहीत. म्हणून कोणी कागद पुढे केला तर आधी वाचा. कळले नाही तर विचारा. मगच सही करा. आणि शेजारच्या घरी असा कागद आला आणि तिथे वाचणारे कोणी नसले, तर उठा, दिवा घ्या आणि त्यांच्या ओटीवर जाऊन तो वाचून दाखवा. एवढेही देवाचे काम आहे.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

1. कच्चा कैदी आणि पक्का कैदी यांत फरक काय?
2. सोलापूरच्या तारेच्या वसाहतीतल्या लोकांचा गुन्हा काय होता?
3. आपल्या वाडीतल्या कोणाला आज पोलिसांनी धरले, तर त्याच्या घरी पहिला कोण जाईल? तारीख कोण लिहून घेईल? ठरवून ठेवा.
4. आपल्या गावात कोणते घर वाळीत आहे काय? येत्या शिमग्यात पालखी त्या दारी न्यायची, तर आधी कोणाशी बोलावे लागेल?